कागदांची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या गावाला अक्षरओळख करून दिली. अशा शिक्षकाच्या स्मृतीला वंदन करायचे तर अक्षरांविषयीच बोलावे, असे मला वाटले. म्हणून आजचा विषय मी निवडला आहे तो कागदांचा. नाझी राजवटीत छळ सोसलेल्या आणि देशोधडीला लागलेल्या ज्यू कुटुंबांच्या घरगुती कागदांचा, म्हणजे पासपोर्ट, दाखले, अर्ज आणि पत्रे यांचा.

सावरगावच्या शाळेत हा विषय कशासाठी, असे कोणाच्याही मनात येईल. जर्मनी कोठे आणि आपली जाम नदी कोठे! पण हा विषय आपल्या वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात, ९ आणि १० तारखांच्या दरम्यानच्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि हजारो पुरुषांना छळछावण्यांत नेले गेले. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी गांधीजींनी ज्यूंच्या प्रश्नावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला, तो वर्ध्याजवळच्या सेगावात. तेच पुढे सेवाग्राम झाले. २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये तो छापून आला. पुढच्या वर्षी, २३ जुलै १९३९ रोजी, गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. पण त्यावर पत्ता होता वर्धा, मध्यप्रांत असा. आपला छिंदवाडा जिल्हा त्याच मध्यप्रांतात होता. जगातील त्या काळच्या सर्वांत मोठ्या अन्यायाविषयीचा पत्रव्यवहार आपल्याच प्रांताच्या टपालातून चालला होता.

बर्लिनमधील एक शिक्षिकाही याच वर्ध्याच्या आश्रमात राहून गेल्या. त्यांचे नाव मार्गारेट श्पीगेल. ७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत सरकारी नोकरांविषयीचा कायदा झाला आणि ज्यू शिक्षक, प्राध्यापक, न्यायाधीश यांना घरी बसवण्यात आले. ज्यू म्हणून शाळेतून काढलेल्या श्पीगेलबाई त्याच वर्षी गांधीजींकडे आल्या. गांधीजींनी त्यांना अमला हे नाव दिले. त्यांना लिहिलेली गांधीजींची पत्रे संकलित वाङ्मयात छापलेली आहेत. एका कायद्याच्या कागदाने जिची शाळा गेली, तिची आठवण आज आपल्यापाशी पोहोचते तीही कागदांमुळेच.

आता त्या राजवटीच्या कागदांकडे वळू. नाझींचा अत्याचार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बूट, बंदुका आणि तारांची कुंपणे येतात. ती खरीच आहेत. परंतु त्यांच्या आधी कागद आला, आणि तो अतिशय व्यवस्थितपणे आला. १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते. कोणी डॉक्टर, कोणी व्यापारी, कोणी पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून पदक मिळवलेला शिपाई. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग कायदे झाले. ज्यू कोण, हे माणसाच्या श्रद्धेवरून ठरले नाही; आजीआजोबांवरून ठरले. चारपैकी तीन आजीआजोबा ज्यू धर्मसमाजाचे असतील तर नातू ज्यू, मग तो स्वतः चर्चमध्ये जात असला तरीही. आपल्याकडे वंशावळ मोठ्या अभिमानाने जपतात. तेथे घराघरांतून जन्माचे आणि बाप्तिस्म्याचे दाखले शोधले जाऊ लागले, कारण वंशावळीवर नोकरी, विवाह आणि अखेर प्राण अवलंबून राहणार होते.

१९३८ साली तर आदेशांची रांगच लागली. एप्रिलमध्ये पाच हजार मार्कांवरील मालमत्तेची नोंद करण्याचा आदेश निघाला. ऑगस्टमध्ये नावांचा आदेश निघाला: ज्याच्या नावावरून तो ज्यू असल्याचे कळत नसेल, त्या प्रत्येक पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि प्रत्येक स्त्रीने ‘सारा’ हे नाव लावावे. आईबापांनी ठेवलेल्या नावात सरकारने आपले अक्षर घुसवले. ऑक्टोबरमध्ये ज्यूंचे पासपोर्ट रद्द झाले. ते पुन्हा वैध व्हायचे तर त्यांवर तांबडे ‘जे’ हे अक्षर उमटवून घ्यावे लागे.

असा अक्षर उमटलेला पासपोर्ट हातात घेऊन माणसाने जावे कोठे? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. निर्वासितांविषयी सहानुभूती बहुतेकांनी व्यक्त केली. दरवाजे मात्र फार थोड्यांनी उघडले. देश सोडायचा तर मालमत्तेचा चौथा हिस्सा कर म्हणून भरायचा, कर भरल्याचा दाखला घ्यायचा, उरलेला पैसा बंद खात्यात ठेवायचा आणि दहा मार्क खिशात घालून निघायचे. त्यातच ज्या देशात जायचे तेथील कोणा नातलगाची वा संस्थेची हमी हवी. एक दाखला मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. अशाही स्थितीत युद्ध सुरू होईपर्यंत जर्मनीतील निम्म्याहून अधिक ज्यू बाहेर पडले. जे राहिले, ते राहण्याच्या इच्छेने राहिले असे समजू नये. पुष्कळांचा एखादा कागद अपुरा पडला होता.

ॲन फ्रँकचे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तिची रोजनिशी जगाने वाचली. पण तिच्या वडिलांचेही एक दप्तर आहे. ओटो फ्रँक १९३३ मध्ये फ्रँकफुर्ट सोडून ॲम्स्टरडॅमला गेले होते. त्यांनी १९३८ साली अमेरिकेच्या प्रवेशासाठी अर्ज केला. मे १९४० च्या बाँबवर्षावात रॉटरडॅम येथील अमेरिकन वकिलातीचे कागद नष्ट झाले. १९४१ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केले, अमेरिकेतल्या जुन्या मित्राला पत्रे लिहिली. मुलींसाठी हे करावे लागत आहे, असा त्या पत्रांचा भाव आहे. नियम मधल्या काळात बदलले होते. ही पत्रे न्यूयॉर्कच्या एका संग्रहात पडून होती; ती सापडली आणि २००७ साली जगासमोर आली. रोजनिशीतली मुलगी बोलकी आहे. वडिलांचे दप्तर कोरडे, विनंतीअर्जांचे आहे. परंतु ते वाचल्यावर कळते की, पोटमाळ्यावर लपण्यापूर्वी या कुटुंबाने सुटकेची प्रत्येक सरळ वाट चोखाळून पाहिली होती.

यांतील काही माणसे आपल्या मुंबईस पोहोचली. त्यांची संख्या हजारांच्या घरातली, लाखांच्या नव्हे. १९३४ मध्ये मुंबईत ज्यूंचा साहाय्यक संघ स्थापन झाला. येणाऱ्याचा भार सरकारवर पडणार नाही, अशी हमी देण्याचे काम त्याने केले. महाराष्ट्राला ज्यू माणूस नवा नव्हता. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो, शतकानुशतके मराठी बोलत, मराठीत कीर्तने करीत येथे नांदले होते, आणि धर्मावरून त्यांचा छळ झाला नव्हता. १९३७-३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंना बागेतल्या बाकावर बसू दिले जात नव्हते त्या काळात, मुंबईच्या महापौरपदावर डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ बसले होते. त्यांच्या नावाचा रस्ता मुंबईत आहे.

मुंबईत आलेल्यांनी येथे काय दिले, तेही पाहावे. प्राग येथून १९३४ मध्ये वॉल्टर कॉफमन आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. पहाटे आकाशवाणी सुरू होताना जी ओळखधून आपण वर्षानुवर्षे ऐकली, ती त्यांचीच रचना मानली जाते. व्हिएन्नाहून वॉल्टर लांगहॅमर १९३८ मध्ये ज्यू पत्नीसह आले. आपल्या मध्यप्रांतातल्या मंडला जिल्ह्यात जन्मलेल्या सय्यद हैदर रझांसारख्या तरुण चित्रकारांना त्यांनी हात दिला. नर्तिका हिल्डे होल्गर १९३९ मध्ये व्हिएन्नाहून आल्या, त्यांनी एका पारशी डॉक्टरांशी विवाह केला. मागे राहिलेले त्यांचे बहुतेक कुटुंब मारले गेले.

परंतु कागदाने त्यांचा पिच्छा येथेही सोडला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्ट बाळगणाऱ्या पुरुषांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. त्यांत हे ज्यूही होते. ज्या पासपोर्टवर ‘हा खरा जर्मन नव्हे’ अशा अर्थाचे अक्षर उमटले होते, त्याच पासपोर्टमुळे ते येथे जर्मन ठरले! चौकशीनंतर त्यांतील बहुतेकांची काही महिन्यांत सुटका झाली. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशी राहणाऱ्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. म्हणजे एकाच माणसाला एका कागदाने परका, दुसऱ्याने शत्रू आणि तिसऱ्याने बेवतनी ठरवले. माणूस मात्र तोच होता.

येथवर सरकारी कागद झाला. आता घरगुती कागद, म्हणजे पत्रे.

अनिता देसाई यांची ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. मुंबईत एकाकी राहणाऱ्या एका जर्मन ज्यू निर्वासिताची ती कथा आहे. तिच्या मुळाशी असलेली घटना देसाई यांनी सांगितली आहे. मुंबईत असाच एक वृद्ध निर्वासित वारला. त्याच्यामागे जर्मन भाषेतील काही पत्रे उरली. देसाई यांची आई जर्मन, त्यामुळे ती पत्रे वाचण्यासाठी त्यांच्याकडे देण्यात आली. त्यांनी ती वाचली. त्यांत काहीच नव्हते. मी बरी आहे, तू बरा आहेस ना, काळजी करू नकोस, एवढेच पुन्हा पुन्हा. पत्रे त्यांना विलक्षण रिकामी वाटली. मात्र प्रत्येकावर एक क्रमांक होता. तो क्रमांक छळछावणीतील कैद्याचा असतो, हे त्यांना पुष्कळ काळाने कळले.

मराठीचा शिक्षक म्हणून या ठिकाणी मी थांबतो. आपल्या जुन्या पत्रांत ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ असा ठरलेला मजकूर असे. पुढे ‘इकडील सर्व क्षेम’ आले. पत्रांचे वाचन करणारे पुष्कळदा हा भाग ओलांडून मुख्य मजकुराकडे जातात. साच्याचे शब्द म्हणून सोडून देतात. पण ज्याला दुसरे काही लिहिण्याची मुभाच नाही, त्याच्यासाठी साच्याचे वाक्य हेच सगळे पत्र असते. छावणीतील पत्राला ओळी मोजून मिळत आणि प्रत्येक ओळ तपासली जाई. युद्धकाळात शत्रुप्रदेशातील नातलगांसाठी रेडक्रॉसचा एक छापील कागद असे. त्यावर पंचवीस शब्द लिहिता येत, तेही केवळ कौटुंबिक. उत्तर यायला महिने लागत. पंचवीस शब्दांत आईने मुलाला काय लिहावे? ‘आम्ही प्रवासाला निघत आहोत’ असे एखाद्या कागदावर आढळते. तो प्रवास पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या आगगाडीचा होता, हे आज तारीख पाहून कळते.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. पानिपताची बातमी आपल्याकडे मोती गळाल्याच्या, मोहरा हरवल्याच्या आणि खुर्दा मोजता न येण्याइतका गेल्याच्या सावकारी भाषेत आली होती. मोती कोण आणि मोहरा कोण, हे जाणणारा वाचक होता म्हणून त्या दोन ओळींतून एक महायुद्ध समजले. जाणता वाचक नसता, तर सराफी हिशेबाची चिठ्ठी म्हणून ती केरात गेली असती.

मला आज जे सांगायचे आहे ते हेच. कागद जपणे ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे तो वाचता येणे. सरकारी कागद मोठ्याने बोलतो आणि घरगुती कागद दबक्या आवाजात. पहिला एकट्याने वाचला तर माणसे केवळ क्रमांक होतात. दुसरा एकट्याने वाचला तर ‘सर्व क्षेम’ खरेच वाटू लागते. दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे साक्ष पुरी होते.

साक्ष हा शब्द मी जाणून वापरतो. गांधीजींनी आपल्या लेखात ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला होता. जेरुसलेमहून मार्टिन बूबर या विचारवंतांनी २४ फेब्रुवारी १९३९ च्या पत्रात त्याला उत्तर लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जेथे हौतात्म्य कोणाच्या दृष्टीसच पडत नाही, तेथे त्याची साक्ष विरून जाते. गांधीजींनी या पत्राला उत्तर दिल्याची नोंद नाही. मतभेदाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण बूबर यांची चिंता खरी होती आणि त्या चिंतेवर काही सामान्य माणसांनी आपल्या परीने तोड काढली. वॉर्सात इमानुएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने सहकाऱ्यांसह कोंडवाड्यातील जीवनाची नोंद ठेवली. रोजनिश्या, पत्रे, शिधापत्रिका, मुलांचे निबंध असे सर्व काही पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत भरून पुरले. त्यांपैकी दोन भाग १९४६ आणि १९५० मध्ये सापडले. तिसरा सापडला नाही. ड्रेस्डेनचे भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर क्लेम्पेरर यांची प्राध्यापकी गेली, ग्रंथालय बंद झाले. ते रोज लिहीत राहिले आणि त्यांची पाने एका मैत्रिणीच्या घरी लपवली गेली. एखादे पान सापडते, तरी कित्येकांचा जीव गेला असता. साठ लाख माणसे मारली गेली. ती कधी नव्हतीच, असे म्हणण्याची सोय या कागदांनी ठेवली नाही.

आता आणखी एक अडचण पाहा. युरोपातील अनेक नातवंडांपाशी आजोबांच्या पत्रांचे गठ्ठे आहेत आणि जर्मन येत असूनही ती वाचता येत नाहीत. कारण ती जुन्या जर्मन लपेटीच्या लिपीत आहेत. ती लिपी १९४१ मध्ये नाझी राजवटीनेच शाळांतून काढून टाकली. हे ऐकून आपल्याला काही आठवते का? आपली मोडी! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी मोडी आज गावात किती जणांना वाचता येते?

दुःखाची तुलना मी करीत नाही. आपल्या प्रदेशावर तसा प्रसंग आलेला नाही आणि कधी न येवो. पण स्थलांतर कागदांचेही होते. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या बदलतात, दप्तरे हलतात, राज्यकारभाराची भाषा बदलते. घरच्या ट्रंकेत मात्र पणजोबांची सावकारी चिठ्ठी, जमिनीची फारखती, माहेरच्या मुलीचे पोस्टकार्ड पडून असते. आणि घर बांधायला काढले की ते सारे रद्दीच्या तराजूत जाते. आपल्या गोटमारीचीच गोष्ट घ्या. ती का सुरू झाली, हे गावात वेगवेगळ्या रीतीने सांगतात. नदीच्या दोन्ही काठांवरची माणसे सांगतात ती कथा तोंडी आहे. तिच्या मुळाशी कागद नाही.

म्हणून विद्यार्थ्यांकडे माझे तीन मागणे आहे. पहिले, घरातले जुने कागद वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्यासमोर उघडा. कोणाचे पत्र, कोणाला, कशासाठी, हे त्यांच्या तोंडून ऐकून वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा. दुसरे, पाकीट फेकू नका. मुंबईतल्या त्या पत्रांचा अर्थ मजकुरात नव्हता, वरच्या क्रमांकात होता. टपालाचा शिक्का, पत्ता, खाडाखोड, कोरी सोडलेली जागा, हे सगळे मजकूरच आहे. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी, सुती फडक्यात ठेवा. तिसरे, शाळेने वर्षाकाठी चार मुलांना तरी मोडी वाचायला शिकवावे. चार मुले पुरतील. दर पिढीत एक वाचक असला तरी कागद मुका राहत नाही.

एका शिक्षिकेला तिच्या नावामुळे आणि कुळामुळे वर्गाबाहेर काढणारा तो कायदा प्रथम कागदावरच लिहिला गेला होता. त्या वेळी त्यात फारसे कोणाला भय दिसले नाही. नित्याच्या सरकारी भाषेत, कलमवार लिहिलेला तो मजकूर होता. असा मजकूर पुन्हा कोठे, कोणत्याही भाषेत, कोणाहीविषयी लिहिला जाऊ लागला, तर तो वेळीच ओळखता यावा, एवढ्यासाठी तरी मुलांना वाचायला शिकवले पाहिजे. गुरुजींनी या गावाला अक्षरे दिली ती याच भरवशावर, असे मी मानतो.